कोणाला विचारून आलात?

मंडळी, गेले दोन महिने ब्लॉगवर काही लिहिलं नाही म्हणून दोघा-तिघांनी प्रेमाने चौकशी केली. प्रकृती उत्तम आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते त्यांचं कामच आहे. लिहायचं राहून गेलं, कारण एकच विषय डोक्यात घोळत होता आणि त्याचं टोक सापडत नव्हतं. आता थोडंफार सापडलंय असं वाटतं, म्हणून लिहायला बसले.

सुरुवात झाली ऑस्ट्रेलियाहून आलेल्या फोनने. धाकट्या बहिणीचा मुलगा तिकडे अ‍ॅडलेडला असतो. यंदा सुट्टीत तो, त्याची बायको आणि दोन मुलं उलुरूपासून पश्चिमेकडे लॅव्हर्टनपर्यंत गाडीने जाणार होती. नकाशात बघितलं तर मधे काहीच नाही. सुमारे अकराशे किलोमीटर, बराचसा रस्ता कच्चा, लाल मातीचा. पेट्रोल किती, पाणी किती, सुटं चाक किती, हे सगळं त्याने सांगितलं आणि मग म्हणाला, "मावशी, परवाने आले बरं का! दोन लागतात. एक नॉर्दर्न टेरिटरीच्या हद्दीसाठी आणि एक वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या."

मला वाटलं, वाळवंटाचा रस्ता, काही धोका असेल, पोलिसांकडे नोंद करावी लागत असेल. म्हटलं, "चांगलं आहे, हरवलात तर शोधायला बरं."

"तसं नाही गं," तो म्हणाला, "रस्ता त्यांच्या जमिनीतून जातो ना! अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या. जमीन त्यांची, म्हणून परवानगी त्यांची. रस्ता सोडून आत शिरायचं नाही, दारू न्यायची नाही, असल्या अटी आहेत. आणि ते नाहीसुद्धा म्हणू शकतात."

शेवटचं वाक्य तो अगदी सहज बोलून गेला. मी मात्र फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत बसून राहिले. आमच्या गॅलरीतून बोरिवलीच्या नॅशनल पार्कची टेकडी दिसते. म्हणजे पूर्वी पूर्ण दिसायची, आता दोन टॉवरच्या फटीतून दिसते. त्या टेकडीकडे बघताना मला दोन गोष्टी आठवल्या. एक अंदमानची आणि एक अगदी घराजवळची. दोन्ही फारशा अभिमानाच्या नाहीत, पण नातेवाइकांपुढे आणि तुमच्यापुढे काय लपवायचं?

आधी अंदमान. २०१० साली आम्ही बावीस जण, बहुतेक निवृत्त शिक्षक आणि त्यांचे यजमान किंवा यजमानीण, अंदमानला गेलो होतो. मराठी माणूस अंदमानला जातो तो समुद्र बघायला नव्हे, ते आपलं तीर्थक्षेत्र आहे. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ ला सुरू होऊन १९०६ ला पुरं झालं. तात्याराव सावरकर ४ जुलै १९११ ला तिथे पोहोचले आणि १९२१ पर्यंत तिथेच होते. थोरले बंधू बाबाराव त्यांच्याही आधीपासून तिथे. 'माझी जन्मठेप' हे पुस्तक मी शाळेत असताना वाचलं होतं आणि त्या सहलीला जाण्याआधी पुन्हा काढलं. तेलाचा कोलू बघितला, ती कोठडी बघितली. संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम झाला तेव्हा आमच्यातलं एकही जण बोलण्याच्या स्थितीत नव्हतं. 

त्या काळच्या एका गोष्टीचं मला नेहमी नवल वाटतं. सजेची काही वर्षं काढल्यावर साध्या बंदिवानाला तुरुंगाबाहेर वस्तीत राहून कमावून खायची परवानगी मिळत असे. तिला 'तिकीट' म्हणत. सावरकर बंधूंसारख्या राजबंद्यांना ते तिकीट नाकारलं गेलं. म्हणजे बघा, त्या बेटावर मोकळेपणी चालायलासुद्धा इंग्रजांचा कागद लागत होता. आम्ही त्यावर रात्री जेवताना पुष्कळ चर्चा केली, संतापही व्यक्त केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला उठवलं. बारातांग बेटावर चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी बघायला जायचं होतं. वाटेत जिरकाटांग नावाचं नाकं लागतं. तिथून पुढे जारवा लोकांच्या राखीव जंगलातून रस्ता जातो. एकेकट्या गाडीला सोडत नाहीत. सगळ्या गाड्यांची रांग लावतात, ठरलेल्या वेळी फाटक उघडतं आणि पुढेमागे पोलिसांचं संरक्षण घेऊन तांडा निघतो. आमच्या गाइडने फॉर्म भरला. नाव, वय, ओळखपत्राचा क्रमांक. सूचनांची पाटी होती. गाडी थांबवू नये, फोटो काढू नये, खायला देऊ नये. मी शिक्षिका, त्यामुळे पाटी मोठ्याने वाचून दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि मग काय झालं ते सांगते. गाडी जंगलात शिरली आणि बावीस सुशिक्षित माणसं खिडक्यांना चिकटली. अर्ध्या तासाने रस्त्याच्या कडेला दोन बायका आणि एक आठ-दहा वर्षांचा मुलगा उभा दिसला. "डावीकडे, डावीकडे!" असा ओरडा झाला. उजवीकडची सगळी मंडळी उठून डावीकडे आली. त्यात मीही होते. तो मुलगा आमच्याकडे बघत होता. हसत नव्हता, रागावलेलाही नव्हता. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून मुलं जशी बघायची ना, तसाच. दोन सेकंदांत गाडी पुढे गेली. गाइडने कोणाला फोटो काढू दिला नाही, हे त्याचे उपकार.

पुढे धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघताना इतर गाड्यांतली मंडळी भेटली. पहिला प्रश्न, "तुम्हाला किती दिसले?" कोणी सांगितलं सात, कोणी चार. आम्हाला तीनच दिसले म्हणून आमच्यातले दोघे हळहळले. ताडोबात वाघ किती दिसले, हा प्रश्न आपण ज्या सुरात विचारतो, तोच सूर. आदल्याच रात्री ज्यांचे डोळे सावरकरांसाठी भरून आले होते, ती हीच माणसं. आणि मी त्यांच्यातलीच एक.

तेव्हा मनात काहीतरी खुपलं, पण परत आल्यावर विसरले. भाच्याच्या फोननंतर मात्र मी या रस्त्याचा इतिहास धुंडाळायला बसले. इतिहास हा माझा विषय. पस्तीस वर्षं शिकवला. पण अंदमानचा इतिहास मी मुलांना नेहमी १८५७ च्या बंदिवानांपासून सांगितला. त्याआधी तिथे कोण होतं, हे ना पाठ्यपुस्तकात होतं, ना माझ्या बोलण्यात.

१० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर दोनशे बंदिवानांना घेऊन अंदमानला पोहोचला. बंदिवानांच्या दृष्टीने ते काळं पाणी, इंग्रजांच्या दृष्टीने वसाहत. पण ज्यांची ती बेटं होती त्यांच्या दृष्टीने ते घर होतं. त्यांनी आपल्या परीने विरोध केला. मे १८५९ मध्ये ग्रेट अंदमानी लोकांनी धनुष्यबाण घेऊन अ‍ॅबर्डीन इथे वसाहतीवर मोठा हल्ला चढवला. पण इंग्रज सावध होते, कारण त्यांना आधीच खबर मिळाली होती. खबर देणारा होता दूधनाथ तिवारी. हा बंदिवान आदल्या वर्षी पळून जंगलात गेला, अंदमानी लोकांनी त्याला सांभाळलं, वर्षभर तो त्यांच्यात राहिला, त्यांच्यात त्याचं लग्नही झालं. आणि हल्ल्याची योजना कळल्यावर तो परत येऊन इंग्रजांना सांगून मोकळा झाला. पुढे त्याला माफी मिळाली. पारतंत्र्यात असलेला माणूस दुसऱ्याच्या स्वातंत्र्याकडे कसा बघेल, हे सांगता येत नाही, एवढंच मी या गोष्टीतून शिकले.

त्यानंतर लढाईपेक्षा आजारांनी जास्त माणसं मारली. १८७७ मध्ये गोवर पसरला. १८५८ च्या सुमाराला ग्रेट अंदमानी लोक अंदाजे पाच हजार होते असं अभ्यासक मानतात. १९६१ च्या जनगणनेत ते १९ उरले. हो, एकोणीस. शून्य लिहायचं राहिलेलं नाही. २०१० च्या जानेवारीत बोआ नावाची वृद्धा वारली आणि तिच्याबरोबर 'बो' ही भाषा बोलणारं शेवटचं माणूस गेलं. आम्ही अंदमानला गेलो ते हेच वर्ष.

जारवा वाचले, कारण ते कोणाच्या जवळ आले नाहीत. 'जारवा' हे नावसुद्धा त्यांचं नाही. शेजारच्या अंदमानी लोकांनी त्यांना दिलेलं नाव, अर्थ परका. ते स्वतःला 'अंग' म्हणवतात. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारने १९५६ मध्ये आदिम जमातींच्या संरक्षणाचा विनियम काढला आणि त्याखाली जारवांसाठी जंगल राखून ठेवलं. परवान्याशिवाय आत जायला बंदी. फार चांगला कायदा. त्याच्या इंग्रजी नावात 'अ‍ॅबोरिजिनल' हा शब्द आहे, जो भाच्याच्या परवान्यावरही आहे.

पण त्याच राखीव जंगलातून रस्ता काढायचं ठरलं, अंदमान ट्रंक रोड. पोर्ट ब्लेअरपासून उत्तरेला दिगलीपूरपर्यंत. (पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम झालं आहे.) बुश पोलिसांच्या पहाऱ्यात काम चालायचं. जारवा बाण मारायचे, मजूर मरायचे. मारणारेही चुकत नव्हते आणि मरणारेही बिचारे पोटासाठी आलेले. आजूबाजूला पूर्व बंगालचे निर्वासित वसवले होते. फाळणीत घरं गेलेली माणसं ती, त्यांना तरी कोणत्या तोंडाने दोष द्यायचा? त्यांच्या मुलांना दवाखान्यात न्यायला रस्ता हवाच होता. इतिहासात खलनायक शोधायची आपल्याला सवय असते, पण इथे तसा एकटा कोणी सापडत नाही. एवढंच दिसतं, की रस्त्याबद्दल सगळ्यांशी बोलणं झालं असेल, फक्त ज्यांच्या घरातून तो गेला त्यांच्याशी नाही. त्यांनी बाणांनी आपलं उत्तर दिलं होतं. ते उत्तर कोणी नकार म्हणून वाचलं नाही.

१९७४ पासून सरकारी पथकं किनाऱ्यावर नारळ-केळी ठेवून मैत्री करू लागली. १९९६ मध्ये एन्मेई नावाचा जारवा मुलगा पाय मोडलेल्या अवस्थेत सापडला. त्याला पोर्ट ब्लेअरच्या इस्पितळात नेऊन बरं केलं आणि परत पाठवलं. पुढच्या वर्षापासून जारवा आपणहून जंगलाबाहेर येऊ लागले. आणि १९९९ मध्ये गोवर आला. तोच गोवर, सव्वाशे वर्षांनी. या खेपेला उपचार मिळाले आणि ग्रेट अंदमानींसारखी गत झाली नाही, हे आपल्या डॉक्टरांचं श्रेय.

इथे एक गोष्ट अभिमानाने सांगते. अंदमानातली जंगलतोड आणि जारवांचा प्रश्न न्यायालयात नेणाऱ्या संस्थांत पोर्ट ब्लेअरच्या 'सेन'बरोबर पुण्याची 'कल्पवृक्ष' आणि आपल्या मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी होती. सर्वोच्च न्यायालयाने शेखर सिंग आयोग नेमला. ७ मे २००२ च्या आदेशात न्यायालयाने जारवांच्या जंगलातून जाणारा रस्ता बंद करायला सांगितलं. मुदत होती तीन महिने.

आम्ही त्या रस्त्यावरून गेलो ते २०१० साली! आदेशानंतर आठ वर्षांनी. आणि त्या जिरकाटांगच्या नाक्यावर रांगेत उभं राहताना आमच्यापैकी एकालाही हे माहीत नव्हतं. फॉर्म भरला, शिक्का बसला, म्हणजे सगळं कायदेशीर असणार, असं आम्ही धरून चाललो.

२०१२ च्या जानेवारीत एका इंग्रजी वृत्तपत्राने ती चित्रफीत प्रसिद्ध केली. खाण्याच्या मोबदल्यात जारवा बायकांना प्रवाशांपुढे नाचायला लावल्याची. तुम्हीही तेव्हा टीव्हीवर पाहिली असेल. देशभर चीड व्यक्त झाली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा वाढल्या. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने काही आठवडे प्रवाशांची वाहतूक थांबली, मग पुन्हा सुरू झाली. २०१७ मध्ये बारातांगला समुद्रमार्गे जायची सोय झाली. रस्ता मात्र चालूच आहे. २०११ च्या जनगणनेत जारवांची संख्या ३८० होती. २०२५ च्या जानेवारीत त्यांच्यातल्या १९ जणांना मतदार ओळखपत्रं मिळाली. पुन्हा तोच आकडा, एकोणीस. योगायोग असेल, पण मी वर्तमानपत्र खाली ठेवून थोडा वेळ बसले.

आता मला जे वाटतं ते सांगते. परवाना आम्हीही घेतला होता आणि भाच्यानेही घेतला. कागद दोन्हीकडे होता, अटी दोन्हीकडे जवळपास सारख्या. फरक एवढाच की त्याच्या कागदामागे घरमालक होता आणि आमच्या कागदामागे फक्त फाटक. फाटक जारवांचं रक्षण करत असेल, त्यावरचे पोलीस प्रामाणिकही असतील. पण जारवांना "आज नको" म्हणायची सोय त्या फॉर्ममध्ये कुठे होती? ज्या परवानगीत नाही म्हणता येत नाही, तिला परवानगी म्हणावं का?

ऑस्ट्रेलियातही हे आपोआप झालेलं नाही, हेही वाचल्यावर कळलं. १९६६ च्या ऑगस्टमध्ये वेव्ह हिल नावाच्या गुरांच्या मोठ्या जागेवरचे गुरिंजी मजूर काम सोडून निघाले. व्हिन्सेंट लिंगियारी त्यांचा पुढारी. सुरुवातीला लोकांना वाटलं, पगारासाठी संप असेल. पण ते म्हणत होते, जमीन आमची आहे. नऊ वर्षं बसून राहिले. १६ ऑगस्ट १९७५ ला पंतप्रधान व्हिटलम स्वतः तिथे गेले आणि लिंगियारीच्या हातात त्यांनी त्या जमिनीची मूठभर माती ओतली. पुढच्याच वर्षी नॉर्दर्न टेरिटरीचा जमीन हक्क कायदा झाला आणि आत येणाऱ्याला परवाना देण्याचा अधिकार जमिनीच्या मालकांकडे आला. तोही कायम शाबूत राहिला असं नाही. २००७ साली तिथल्या केंद्र सरकारने मोठ्या वस्त्यांच्या सार्वजनिक जागांपुरती परवान्याची अट काढून टाकायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या लोकांनी विरोध केला. आणि उलुरूचा तो प्रचंड तांबडा खडक, ज्याच्यावर चढायला जगभरचे लोक जायचे, तो १९८५ मध्ये मूळ मालकांना परत दिला गेला. चढू नका असं ते वर्षानुवर्षं विनवत होते. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली. परत मिळाल्यापासून विनंती ऐकली जायला ३४ वर्षं लागली!

तुम्ही म्हणाल, बाई परदेशाचं कौतुक करायला लागल्या. नाही हो. आपल्या महाराष्ट्रातलंच एक उदाहरण देते. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा. गोंड लोकांचं लहानसं गाव, धानोरा तालुक्यातलं. देवाजी तोफा हे त्यांचे कार्यकर्ते. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा या गावाची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण जंगलातला बांबू तोडून बाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना लागतो आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या हाती. म्हणजे जंगल तुमचं, पण बांबू फाटकापाशी अडणार! गावाने हट्ट सोडला नाही. २७ एप्रिल २०११ रोजी त्या वेळचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केलं. 

ऑस्ट्रेलियात पंतप्रधानाने मूठभर माती दिली आणि गडचिरोलीत मंत्र्याने परवान्याचं पुस्तक दिलं. मला विचाराल तर दोन्ही प्रसंग एकाच तोलाचे आहेत. आपल्या मुलांना पहिला नाही तर नाही, दुसरा तरी पाठ्यपुस्तकात मिळायला हवा.

आता घराजवळची गोष्ट. ही मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, अगदी बहिणीलाही नाही. 

साल १९८६ असावं. सातवीचा वर्ग घेऊन मी नॅशनल पार्कमध्ये गेले होते. बोरिवलीच्या शाळांची ती ठरलेली सहल, कान्हेरीची लेणी आणि डबा. पार्कच्या आत आदिवासी पाडे आहेत, नवापाडा, चिंचपाडा, रावणपाडा असे. बरेचसे वारली, वाघोबाला मानणारे. माझ्या वर्गात एका पाड्यावरचा एक मुलगा होता. त्याच्याकडे नुकतंच लग्न झालेलं, भिंतीवर चौक लिहिलेला. मी म्हटलं, चला मुलांनो, वारली चित्रकला प्रत्यक्ष बघू. चाळीस मुलांची रांग घेऊन मी सरळ त्याच्या घरात शिरले. चप्पलसुद्धा काढली नाही. भिंतीपाशी उभी राहून समजावून सांगायला लागले, हा चौक, ही देवी, हा तारपा...

आतून त्याची आजी आली. लहानखुरी, पाठीत वाकलेली. तिने चाळीस मुलांकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "कोनाला इचारून आलीस, बाय?"

मी गडबडले. आणि मंडळी, मी काय केलं असेल? मी पर्समधून पार्कच्या प्रवेशाची तिकिटं काढून दाखवली! म्हटलं, "आजी, तिकिटं काढली आहेत आम्ही, सगळ्यांची."

आजी हसली. म्हणाली, "ती त्या फाटकाची. घर माझं हाय."

तो मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याला आजीची लाज वाटत होती की माझी, हे मला अजून कळलेलं नाही. मी क्षमा मागायला हवी होती. मी मुलांना म्हटलं, "चला, उशीर होतोय." आणि बाहेर पडले. आजीने मागून मुलांना पाणी पाजलं, तेवढं आठवतं.

त्या वेळी ती बाई मला जरा तिरसट वाटली, हे कबूल करते. पुढे १९९७ मध्ये पार्कमधली अतिक्रमणं हटवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश झाला. जंगल वाचावं म्हणून आम्ही सगळे बोरिवलीकर त्या आदेशावर खूष होतो, मीही होते. आजही बिबट्या आणि झाडं टिकावीत असंच मला वाटतं. पण पाड्यांवरचे लोक म्हणू लागले की आम्ही अतिक्रमण करणारे नाही, पार्क आमच्यानंतर आला. तेव्हा मला त्या आजीचं वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आलं. दहा-अकरा वर्षं उशिरा. फाटक आधी की घर आधी, एवढाच तर प्रश्न होता तिचा. जारवांच्या त्या मुलाला माझी भाषा येत असती, तर त्यानेही हेच विचारलं असतं.

असो. लेख लांबला. शेवटचं सांगून थांबते.

भाच्याची सफर उत्तम झाली. दोनदा टायर फुटला. तो डिसेंबरात मुलांना घेऊन येणार आहे आणि मुलांना वारली चित्रं बघायची आहेत, कारण तिकडच्या शाळेत बाईंनी दाखवली होती. माझा तो विद्यार्थी आता पन्नाशी ओलांडलेला, नातवंडांचा आजोबा. पाड्यावरच राहतो. दिवाळीला न चुकता फोन करतो. आजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी त्याला फोन केला आणि म्हटलं, "अरे, डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी माझ्या भाच्याला आणि मुलांना घेऊन तुझ्याकडे येऊ का? घरी विचारून सांग."

"बाई, तुम्ही कधीही या. विचारता काय?" तो म्हणाला.

"नाही, विचार तू. मग सांग."

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. जरा संकोचला होता. "बाई, त्या रविवारी नको. पुतणीची हळद आहे, घरात गडबड. मंडळी म्हणते, पुढच्या रविवारी या."

खरं सांगते, "नको" ऐकून इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. म्हटलं, "बरं, पुढच्या रविवारी येतो." आणि चप्पल बाहेर काढायची हे दोन्ही मुलांना आधीच सांगून ठेवायला भाच्याला कळवलं आहे.

तुमच्यापैकी कोणी अंदमानला त्या रस्त्याने गेला असाल, किंवा हल्ली समुद्रमार्गे बारातांगला जाऊन आला असाल, तर तुमचा अनुभव जरूर लिहा. माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा. जुन्या विद्यार्थ्यांनी शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या तरी चालेल, रागावणार नाही.